प्रतिमाबद्धता, चित्रपटनटाची

विशिष्ट प्रकारच्या भूमिका लोकप्रिय झाल्यामुळे प्रेक्षकांच्या मनात नटाची जी ठराविक प्रतिमा रूढ होते, तिच्या चौकटीबाहेरील भूमिका करताना त्याच्या मार्गात येणारा अडसर म्हणजे प्रतिमाबद्धता होय. रंगभूमीवरही हा प्रश्न उद्‌भवतो. तथापि चित्रपटात तो अधिक तीव्र असतो. समीपदृश्यांमुळे नटाचा चेहरा व लकबी प्रेक्षकांच्या निकट परिचयाच्या होतात. शिवाय चित्रपटात मोठे भांडवल गुंतलेले असल्याने निर्माते व वितरक यशस्वी ठरलेल्या प्रतिमेचीच पुनरावृत्ती पसंत करतात.

मूकपटांच्या काळातील मेरी पिकफर्ड ही अभिनेत्री वयाच्या तिशीनंतरही कुरळ्या केसांच्या अल्पवयीन मुलीच्या भूमिका करीत असे. १९२८ मध्ये तिने केस कापले व कोकेट (१९२९) या बोलपटात प्रौढ वळणाची नायिका रंगवून ऑस्कर पारितोषिक मिळविले. परंतु नंतरच्या चित्रपटांना पूर्वीचे यश लाभले नाही आणि सीक्रेट्स (१९३३) नंतर तिने पडद्यावरून निवृत्ती पतकरली. प्रतिमेपायी प्रसंगी कथानकही बदलावे लागते. आल्फ्रेड हिचकॉकच्या द लॉजर (१९२७) या चित्रपटाच्या मूळ कादंबरीतील भाडेकरू खुनी आहे. पडद्यावर मात्र लोकप्रिय नायक आयव्हर नॉव्हेलो याला निर्दोष दाखविण्यात आले.

हॉलिवुडमधील दीर्घ मुदतीच्या करारांमुळे नटांना भूमिकांची निवड करता येत नसे. भूमिका नाकारल्यास त्याला निलंबित करून तेवढा काळ कराराच्या मुदतीत वाढविला जाई. सोज्ज्वळ नायिकांच्या साच्याला कंटाळलेल्या ऑलिव्हिया द हॅव्हिलंडने याविरुद्ध दाद मागितली. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर द स्नेक पिट (१९४८) मध्ये मनोरुग्ण स्त्रीची व द एअरेस (१९४९) मध्ये वंचनेने कठोर बनलेल्या कन्येची भूमिका तिने केली.

भारतात दीदार (१९५१), देवदास (१९५५) यांसारख्या चित्रपटांमुळे दिलीपकुमार यांची शोकनायक अशी ख्याती झाली. अशा भूमिकांच्या सातत्याने मनावर ताण येऊ लागल्याने मानसोपचारतज्ञांच्या सल्ल्यावरून ते आझाद (१९५५), कोहिनूर (१९६०) यांसारख्या खेळकर भूमिकांकडे वळले. खलनायक म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्राण यांनी उपकार (१९६७) मध्ये सहृदय मलंग साकारला. १९४२ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी डोळ्याला झालेल्या इजेमुळे ललिता पवार यांना नायिकापद सोडावे लागले. पुढे खाष्ट सासू ही त्यांची ओळख बनली. परंतु अनाडी (१९५९) मधील वरून कडक व अंतरी मायाळू घरमालकिणीच्या भूमिकेने त्या ओळखीला छेद दिला व त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले. मराठीत गावगुंड व बेरकी पुढारी यांच्या भूमिकांसाठी ख्यातनाम असलेल्या निळू फुले यांनी सिंहासन (१९७९) मध्ये राजकारणाचा हतबल साक्षी असलेला पत्रकार दिगू टिपणीस प्रभावीपणे उभा केला.

रूढ प्रतिमेचा कलात्मक उपयोगही करून घेता येतो. सेर्जो लेओने या इटालियन दिग्दर्शकाने वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट (१९६८) मध्ये सज्जन नायकांसाठी प्रसिद्ध असलेल्या हेन्री फोंडाला निर्दय मारेकऱ्याची भूमिका दिली. ज्वेल थीफ (१९६७) मध्ये अशोककुमार यांच्या सौम्य व्यक्तिमत्त्वामुळेच खऱ्या गुन्हेगाराचा संशय प्रेक्षकांना अखेरपर्यंत येत नाही. अशा वेळी नटाची जुनी प्रतिमा पुसली जात नाही. तिच्या विरोधामुळेच नवी भूमिका उठावदार होते.