मनाची कुलपे आणि किल्ल्या

१९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सर्पगंधेवर निबंध प्रसिद्ध केला आणि आपल्या वैद्यांच्या परिचयाची ही मुळी जगभर गाजली. तिच्यातले रक्तदाब उतरवणारे द्रव्य, रेसर्पिन, १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये वेगळे काढण्यात आले. पण रक्तदाबाबरोबर काही रोग्यांचे मनही खचते, असे डॉक्टरांना दिसू लागले! १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, रेसर्पिनमुळे शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. इतरही काही रसायने रिती होतात, हे पुढे कळले. पण शास्त्रज्ञांची नजर सेरोटोनिनवर खिळली ती खिळलीच.

हे सेरोटोनिन १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे रक्तातून वेगळे काढले गेले. मेंदूतही ते असते, हे १९५३ साली बेटी ट्वारोग ह्या तरुण विदुषीने इर्विन पेज ह्यांच्याबरोबर दाखवून दिले. शरीरातले बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असते; मेंदूच्या वाट्याला येते ते अगदी थोडे. पण झोप, भूक, भीती, उमेद ह्या सर्वांत त्या थोड्याशा वाट्याचा हात असतो.

एकच द्रव्य इतकी निरनिराळी कामे कसे करते? ह्याचे उत्तर किल्लीत नाही, कुलपात आहे. पेशींवर ही कुलपे असतात. त्यांना 'ग्राही' म्हणतात. १९५७ साली गॅडम आणि पिकारेली ह्यांना गिनीपिगच्या आतड्यात सेरोटोनिनचे दोन प्रकारचे ग्राही आढळले. आज असे चौदा प्रकार ज्ञात आहेत, आणि त्यांची सात घराणी मानतात. केमोथेरपीनंतरच्या ओकाऱ्या थांबवणारे ऑन्डान्सेट्रॉन तिसऱ्या घराण्याचे कुलूप अडवते. बुस्पिरोन हे औषध 'एक-ए' नावाच्या ग्राहीवर बसते आणि चिंतेचा विकार हलका करते. अमेरिकेत त्याला १९८६ साली मान्यता मिळाली. झोपेच्या काही गोळ्यांप्रमाणे त्याची सवय लागत नाही. मात्र गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात.

असा उशीर का? घरातली पाण्याची टाकी आठवा. पाणी चढले की तरंगणारा चेंडू वर येतो आणि नळ बंद करतो. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवरही 'एक-ए' ग्राही असतात, आणि ते असेच काम करतात. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटीन किंवा त्याच्या जातीची औषधे पेशींबाहेरचे सेरोटोनिन वाढवतात. पण ते वाढताच हा चेंडू नळ आवळू लागतो. औषध चालू राहिले, तर काही आठवड्यांत चेंडू मंदावतो आणि नळ पुन्हा मोकळा होतो. उशिराचे हे एक मान्य स्पष्टीकरण आहे. मेंदूतील पेशींची नवी जुळणी हेही कारण असावे, असे शास्त्रज्ञ मानतात.

ह्यावरून नैराश्य म्हणजे निव्वळ सेरोटोनिनची टंचाई, असे मात्र कोणी समजू नये. तो हिशेब फार सोपा ठरला आहे. दुःख, आनुवंशिकता, एकटेपणा, शरीराचे आजार अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली असतात. म्हणूनच औषधाइतकेच समुपदेशनाचेही महत्त्व आहे, आणि एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

पण घरोघरी घडते काय? आठ दिवस गोळी घेतली, फरक दिसला नाही, की "ह्या गोळ्यांत काही अर्थ नाही, मन घट्ट कर" असा सल्ला मिळतो आणि गोळी बंद होते. कधी बरे वाटू लागले म्हणून ती एकाएकी सोडली जाते. मग चक्कर, बेचैनी, निद्रानाश सुरू होतो. गोळी थांबवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, हळूहळू. आणि सुरुवातीच्या दिवसांत तगमग वाढली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

विषमज्वराच्या रोग्याला आपण "मन घट्ट कर" म्हणत नाही. त्याच्या उशाशी बसतो, वेळेवर औषध देतो आणि ताप उतरण्याची वाट पाहतो. मनाच्या रोग्याचाही आपल्यावर तेवढाच हक्क आहे. किल्ली कुलपात फिरायला थोडे दिवस लागतात. तेवढे दिवस त्याच्या सोबतीला राहणे घरच्यांच्या हाती आहे.