घड्याळाचा न्याय कोठे अपुरा पडतो?

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धांत सायकलच्या ट्रॅकवर एकूण १७ सुवर्णपदके पणाला लागली होती. त्यांपैकी ९ पुरुषांच्या शर्यतींची, ७ स्त्रियांच्या शर्यतींची आणि उरलेले एक स्त्री-पुरुषांच्या संयुक्त सांघिक शर्यतीचे. नऊ आणि सात यांतील अंतर काही मोठे नव्हे, असे कोणालाही वाटेल. आपल्याकडील एखाद्या सभागृहात स्त्री-पुरुषांचे हे प्रमाण साधले, तर पेढे वाटावे लागतील! परंतु ही दोन पदके नेमकी कोठे गळली हे पाहू गेल्यास प्रश्न निराळे वळण घेतो.

दुचाकी सायकल एकट्याने चालवणाऱ्या अपंग खेळाडूंचे, अपंगत्वाच्या तीव्रतेनुसार, सी-१ ते सी-५ असे पाच गट पाडलेले आहेत. सी-१ म्हणजे अपंगत्व सर्वांत तीव्र, सी-५ म्हणजे सर्वांत सौम्य. पाठलागाच्या शर्यतीत पुरुषांच्या या पाचही गटांना स्वतंत्र पदक होते. स्त्रियांच्या सी-४ आणि सी-५ या गटांनाही ते होते. मात्र सी-१, सी-२ आणि सी-३ या तीन गटांतील स्त्रियांना मिळून एकच शर्यत आणि एकच सुवर्णपदक. म्हणजे जी वजाबाकी झाली ती सरसकट सर्व स्त्रियांची नव्हे. ज्यांच्या शरीराने त्यांना सर्वांत कमी साथ दिली, नेमक्या त्यांच्या वाट्याची ती होती. लंडनच्या २०१२ सालच्या स्पर्धांतही हीच मांडणी होती.

ट्रॅकवरील सायकल शर्यत हा मराठी वाचकाच्या फारसा परिचयाचा प्रकार नाही. मुंबई-पुणे शर्यत आणि तिच्यातील ‘घाटाचा राजा’ हा किताब आपल्याला ठाऊक असतो. पण तो रस्त्यावरचा खेळ. ट्रॅकची गोष्ट वेगळी. बंदिस्त सभागृहात २५० मीटर लांबीचा लाकडी लंबवर्तुळाकार मार्ग असतो आणि वळणावर तो चाळीस अंशांहून अधिक उभा चढलेला असतो. सायकलला ब्रेक नसतात, गिअर एकच असतो, आणि चाक फिरत असेतो पायडलही फिरतच राहते. पाय क्षणभर सैल सोडून विसावा घेण्याची सोय नाही. पॅरिसला स्त्रियांच्या पाठलाग शर्यतीचे अंतर ३,००० मीटर, म्हणजे बारा फेऱ्यांचे होते. दोघीजणी मार्गाच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच क्षणी निघतात. अंतिम लढतीत एकीने दुसरीला गाठले की शर्यत तेथेच संपते. एरवी निकाल घड्याळ देते. पाचशे मीटरच्या शर्यतीत तर समोर कोणी प्रतिस्पर्धीही नसतो. दोन फेऱ्या, एक सायकल आणि एक घड्याळ. न वारा, न ऊन, न खड्डे. क्रीडाक्षेत्रात निर्भेळ न्याय कोठे सापडावयाचा असेल, तर तो येथेच, असे वाटण्याजोगे हे दृश्य आहे.

तथापि दोन असमान शरीरे एकाच मार्गावर उतरली की घड्याळाचा न्याय अपुरा पडू लागतो. शर्यत थांबलेल्या अवस्थेतून सुरू होते. त्या पहिल्या काही क्षणांत खेळाडू हँडल दोन्ही हातांनी ओढून धरते आणि त्या ओढीच्या बळावर पाय पायडल दाबतात. ज्या स्त्रीला एक हात नाही तिचे नुकसान प्रामुख्याने या सुरुवातीला होते. गती आल्यावर ती बरोबरी करू शकते. ज्या स्त्रीला एकच पाय आहे तिचे नुकसान प्रत्येक फेरीत, पायडलच्या प्रत्येक आवर्तनात होत राहते. मेंदूच्या पक्षाघाताने जिचे स्नायू ताठरलेले असतात, तिला श्रम वाढतील तसा ताठरपणाही वाढल्याचा अनुभव येतो. या तिघींना एका रांगेत कसे बसवावयाचे?

येथे आपल्या कचेऱ्यांतून दिल्या जाणाऱ्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. आपल्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट ठेवली. त्या प्रमाणपत्राचा प्रश्न असतो, शरीराचे किती गेले? खेळातील वर्गीकरणाचा प्रश्न निराळा आहे. जे गेले त्याने सायकल चालवण्यात किती अडथळा येतो, हे तेथे पाहिले जाते. तज्ज्ञ स्नायूंचे बळ, सांध्यांची हालचाल, हातापायांवरील ताबा तपासतात आणि प्रत्यक्ष सायकल चालवतानाही निरीक्षण करतात. हा विचार अधिक शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही. पण तो निर्दोष आहे असे मात्र नाही. ब्रिटनच्या कदीना कॉक्स यांना २०१४ साली मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निदान झाले. २०१६ साली रिओ येथे त्यांनी धावण्याच्या ४०० मीटर शर्यतीत आणि सायकलच्या पाचशे मीटर शर्यतीत अशी दोन भिन्न खेळांतील सुवर्णपदके मिळवली. हा आजार कधी चढतो, कधी ओसरतो. तुटलेला हात तपासणीच्या दिवशी जेवढा असतो तेवढाच शर्यतीच्या दिवशीही असतो. अशा आजाराचे तसे नसते, आणि त्याला एका अंकात बसवणे म्हणजे वाहत्या पाण्याचे माप घेण्यासारखे आहे.

गट एकत्र केले की पाचशे मीटरच्या शर्यतीत आणखी एक तोड काढली जाते, ती गुणकाची. समजा, सी-३ गटातील स्त्रीने ४० सेकंद घेतले आणि सी-१ गटातील स्त्रीने ४५. सी-१ चा गुणक ०.८८ धरला, तर ४५ चे ३९.६ होतात आणि पाच सेकंद मागे राहिलेली स्त्री विजयी ठरते. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल.) प्रेक्षकाला हा चमत्कार वाटतो, परंतु तत्त्वतः यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो गुणक कशावरून ठरवावयाचा हा. त्याला आधार असतो तो त्या त्या गटात नोंदल्या गेलेल्या उत्तम वेळांचा. ज्या गटात शंभर जणी धावल्या तेथील उत्तम वेळ विश्वासार्ह मानता येईल. पण ज्या गटात स्पर्धकच बोटांवर मोजण्याइतक्या, तेथे एखादी असामान्य खेळाडू निपजली की सर्व गटाचे माप बदलते, आणि निपजली नाही तरी माप चुकतेच. मोजणाऱ्यांचा हेतू शुद्ध असला तरी मोजण्यासाठी माणसेच पुरेशी नाहीत, ही खरी अडचण आहे.

संयोजकांची बाजूही ऐकावयास हवी. तीनच स्पर्धक असलेल्या शर्यतीत पदक देणे म्हणजे उपस्थितीबद्दल बक्षीस देणे होय, असे ते म्हणतात आणि ते खोटे नाही. पण गट एकत्र केल्याने काय होते? सी-१ किंवा सी-२ गटातील मुलगी पाहते की पाठलागाच्या शर्यतीत आपल्या वाट्याला स्वतंत्र पदक नाही. तिचा क्रीडासंघ पाहतो की हिच्यावर खर्च करून पदकाची शक्यता कमी. ती मागे पडते, गटातील संख्या आणखी घटते, आणि पुढच्या खेपेस संख्या कमी म्हणून गट पुन्हा एकत्र होतात. काटकसर म्हणून केलेली गोष्टच टंचाईचे कारण बनते.

हे दुष्टचक्र मोडता येत नाही असे मात्र नव्हे. अमेरिकेच्या बार्बरा बुकन या धडधाकट खेळाडूंच्या राष्ट्रीय संघातील सायकलपटू होत्या. १९८२ साली एका शर्यतीत त्या पडल्या. डोक्यावर त्या काळच्या पद्धतीचे चामडी पट्ट्यांचे शिरस्त्राण होते. मेंदूला जबर मार बसला आणि दोन महिने त्या बेशुद्ध होत्या. पुढे त्या अपंगांच्या स्पर्धांत उतरल्या तेव्हा त्यांच्या गटात स्त्रियांची स्वतंत्र शर्यत नव्हती. त्यांना पुरुषांबरोबर धावावे लागे. स्त्रियांना वेगळी शर्यत मिळावी यासाठी त्या झगडत राहिल्या. २००८ साली बीजिंगला ती मिळाली, आणि पाठलागाच्या शर्यतीचे सुवर्णपदक बुकन यांनी विश्वविक्रमासह जिंकले. त्या वेळी त्यांचे वय ५२ वर्षांचे होते. शर्यत आधी निर्माण झाली आणि विजेती नंतर ठरली, हा क्रम येथे लक्षात घेण्याजोगा आहे.

या खेळातील सर्वांत मोठे नाव अर्थातच ब्रिटनच्या सारा स्टोरी यांचे. जन्मतः त्यांचा डावा पंजा पुरता घडलेला नाही. १९९२ साली बार्सिलोना येथे, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्या जलतरणात दोन सुवर्णपदके जिंकून गेल्या. पुढे कानाच्या दुखण्यामुळे पोहणे सोडून २००५ मध्ये सायकलकडे वळल्या. पोहण्यातील ५ आणि सायकलमधील १४ अशी १९ सुवर्णपदके २०२४ अखेर त्यांच्या नावावर जमा झाली. बीजिंगला त्यांनी पाठलाग शर्यतीत नोंदवलेली वेळ त्याच वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये पहिल्या आठांत बसली असती. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत, इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील नव्या ट्रॅकवर, त्या इंग्लंडतर्फे धडधाकट स्त्रियांच्या बरोबरीने धावल्या. पदक मिळाले नाही. परंतु इंग्लंडतर्फे या स्पर्धांत उतरलेल्या त्या पहिल्या अपंग सायकलपटू होत. हे सारे आपल्या राजधानीत घडले आणि आपल्याकडे त्याची दखल जवळजवळ घेतली गेली नाही. त्या स्पर्धांच्या बांधकामातील भानगडींनीच तेव्हा वृत्तपत्रांचे रकाने भरले होते.

स्टोरी यांचे यश निर्विवाद आहे. तथापि त्याचा एक आनुषंगिक परिणाम असा की, सामान्य माणसाच्या मनात अपंग स्त्री सायकलपटूची जी प्रतिमा उभी राहते ती सी-५ गटातील, ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर पोचलेल्या खेळाडूची. ‘पहा, इच्छाशक्ती असली की अपंगत्व आड येत नाही,’ असे मग सहज म्हटले जाते. हे वाक्य ऐकावयास गोड असले तरी सी-१ गटातील स्त्रीवर ते अन्याय करते. तिच्या अपंगत्वाने तिला रोज अडवलेले असते आणि तिची वेळ धडधाकट स्त्रीच्या वेळेजवळ कधीही जाणार नसते. म्हणून तिची शर्यत कमी प्रतीची ठरते काय? कुस्तीत हलक्या वजनाच्या मल्लाने जड वजनाच्या मल्लाला लोळवले नाही, म्हणून त्याची गदा कोणी काढून घेत नाही.

कौतुकाच्या या भरात खेळ हा खेळ आहे, याचाच विसर पडतो. त्यात हरणे आहे, पडणे आहे. टोकियोच्या विजेत्या कॉक्स पॅरिसला पाचशे मीटरच्या शर्यतीत सुरुवातीसच सायकलवरून कोसळल्या आणि त्यांचे पदक गेले. कॅनडाच्या केट ओब्रायन रिओच्या ऑलिंपिकमध्ये धावल्या होत्या. २०१७ साली ट्रॅकवरील अपघातात मेंदूला दुखापत झाली आणि त्या सी-४ गटात आल्या. टोकियोत त्यांनी रौप्यपदक जिंकले. दृष्टिहीन स्त्रियांच्या दुहेरी सायकलवर पुढे डोळस चालक असते, मागे दृष्टिहीन खेळाडू. पायडल दोघींचे साखळीने एकत्र बांधलेले असतात आणि पदकही दोघींना मिळते. तेथे कोण कोणाला मदत करते, हा प्रश्न शर्यत सुरू झाल्यावर निरर्थक होतो, कारण मागची कमी पडली तर पुढचीही हरते.

भारताचे सायकलपटू पॅरालिंपिकमध्ये प्रथम उतरले ते पॅरिसलाच. अर्शद शेख आणि ज्योती गडेरिया हे ते दोघे. गडेरिया या भंडारा जिल्ह्यातील. त्या सी-२ गटात मोडतात. म्हणजे तीन गटांच्या त्या एकत्रित शर्यतीचा प्रश्न महाराष्ट्राच्या दृष्टीने परक्या देशातील वाद राहिलेला नाही. ट्रॅकवर आणि रस्त्यावर अशा दोन्ही ठिकाणी त्या धावल्या; पदक मिळाले नाही, आणि मिळाले नाही म्हणून त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेतलेही नाही. मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली जलतरणात मिळवलेले भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक महाराष्ट्राला नीट आठवावयास अर्धशतक आणि एक हिंदी चित्रपट लागला, हे पाहता यात नवल नाही.

खेड्यापाड्यांतून सायकलने शाळेत जाणाऱ्या मुली आज ठिकठिकाणी दिसतात. परंतु पायात किंवा हातात व्यंग असलेल्या मुलीला घरचे लोक सायकलला हात लावू देत नाहीत; ती पडेल ही भीती, आणि पडली तर पुढे लग्नाचे काय, ही त्याहून मोठी भीती. खेळाच्या तासाला तिने वर्गात बसून दप्तरे राखावयाची असा आपल्या शाळांचा अलिखित नियम आहे. शिक्षकांनी तो मोडावयाचे ठरवले, तर त्यासाठी कोणा मंत्र्याच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. मात्र ट्रॅकपर्यंत पोचण्याचा खर्च एखाद्या कुटुंबाला वा शाळेला पेलणारा नव्हे. ब्रेक नसलेली खास सायकल, शरीराप्रमाणे तिच्यात करावे लागणारे फेरफार, कृत्रिम पाय, वर्गीकरणासाठी परदेशप्रवास, हे ओझे शासनाने व क्रीडासंघटनांनीच उचलावयाचे आहे. पुण्याजवळ बालेवाडी येथे, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेल्या क्रीडासंकुलात, सायकलचा ट्रॅक आहे. तेथे आठवड्यातील दोन सकाळी या मुलींसाठी राखून ठेवणे, फेरफार करता येतील अशा चार सायकली आणि एक दुहेरी सायकल घेणे, आणि वर्गीकरणाचे शिक्षण घेण्यासाठी एखाद्या फिजिओथेरपिस्टला बाहेर पाठवणे, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. सी-१ गटात जगभर स्पर्धक कमी आहेत. तेथे महाराष्ट्राच्या तीन मुली उभ्या राहिल्या, तरी तो गट स्वतंत्र ठेवण्याची मागणी करताना आपल्या प्रतिनिधींच्या हाती सांगण्याजोगा एक आकडा असेल.