बातमीच्या मुळाशी (भाग ६) : चकमकीचा आकडा आणि पुड्याचा भाव

१ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला आणि पोलीस दलाचे १५ जवान व गाडीचा चालक मारले गेले. त्याआधी एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर आदी ठिकाणी मिळून ४० नक्षली ठार झाले होते, पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात २६. हे आकडे बीड जिल्ह्यातल्या माजलगाव-दिंद्रुडच्या वाचकापर्यंतही लगोलग पोचले. मात्र या जंगलात बंदूक मुळात शिरली कशी आणि चाळीस वर्षं टिकली कशी, हे त्या बातम्या वाचून त्याला कळलं नसेल. घटना पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून कळते, छापायला जाईपर्यंत हाती तासभरही नसतो, म्हणून मेलेल्यांचा आकडा हीच बातमी होऊन बसते.

मुळाशी होतं बिडीचं पान, आपल्याकडे जिला टेंभुर्णी म्हणतात तिचं. भर उन्हाळ्यात गडचिरोलीतलं अख्खं कुटुंब पहाटे जंगलात जातं, पानं तोडतं, घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं आणि ते फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या ठिकाणी, नेऊन देतं. मजुरी ठरते शंभर पुड्यांमागे. १९८० मध्ये गोदावरी-प्राणहिता ओलांडून नक्षलवादी आले आणि त्यांनी आधी हात घातला तो या मजुरीला, बांबू तोडण्याच्या दराला आणि वनरक्षकाच्या धाकाला. जंगल सरकारचं, भाव ठेकेदाराचा, राबणारे मात्र गावचे. ऊसतोडीतली उचल आणि मुकादम ज्यांना ठाऊक आहेत, त्या बीडकरांना हे फोड करून सांगायला नको. आदिवासी ग्रामसभांना जंगलाच्या उपजावर अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ ला झाला, महाराष्ट्रात त्याचे नियम यायला २०१४ उजाडलं. मधल्या अठरा वर्षांच्या या दिरंगाईत कुठे स्फोट होत नाही, कुणी मरत नाही, नुसती फाईल पडून राहते. अशा पडून राहिलेल्या फाईलची बातमी होत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

कारणं सांगणं म्हणजे हिंसेची वकिली करणं, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. खबऱ्या ठरवून नक्षल्यांनी कितीतरी आदिवासींना मारलं, त्याचं समर्थन कुठल्याही मजुरीच्या दरानं होणार नाही. पण रोग कशानं झाला हे विचारणारा डॉक्टर रोगाच्या बाजूचा नसतो. नियोजन आयोगाच्याच तज्ज्ञगटानं २००८ मध्ये जमीन, जंगल आणि विस्थापन ही असंतोषाची मुळं म्हणून नोंदवली होती. दुसरा आक्षेप ताजा आहे : ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षली नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, आता हे उकरायचं कशाला? उलट आत्ताच उकरायला हवं. गोळीबाराच्या आवाजात जे ऐकू येत नव्हतं, ते आता ऐकता येईल. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं. एकही गोळी न झाडता गावानं हे मिळवलं, पण जांभुळखेडा ज्यांना आठवतं त्यांतल्या किती जणांनी मेंढ्याचं नाव ऐकलंय?

येत्या उन्हाळ्यात गडचिरोलीत पुन्हा फळ्या लागतील. शंभर पुड्यांना काय भाव ठरला, कोणत्या ग्रामसभेचे पैसे ठेकेदाराकडे अडकले, हे छापायला वर्तमानपत्रात दोन ओळींची जागा पुरते. सुरजागडच्या लोहखाणीबद्दल पुढच्या भागात.