उभ्या वाहनाची बॅटरी का उतरते?



गळीत हंगामात सकाळी ट्रॅक्टरने सेल्फ घेतला नाही, तर प्रश्न नुसत्या बॅटरीचा राहत नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहतो. जितका उशीर, तितके वजन घटते आणि उताराही कमी येतो. तोडणीची टोळी बसून राहते ती वेगळीच. मग घाईघाईने नवी बॅटरी आणली जाते आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत तीही उतरते. कारण दोष बॅटरीत नसतोच. उभ्या गाडीत कुठेतरी वीज झिरपत असते. ही गळती कशी शोधावी, याची माहिती सभासदांसाठी देत आहोत.

२०२० साली २५ मार्चपासून टाळेबंदी लागली, तेव्हा भोसरी-चाकण पट्ट्यातील वाहने आठवडेच्या आठवडे जागेवर उभी राहिली. पुढे कामे सुरू झाली तेव्हा कित्येक गाड्या ढकलून नाहीतर दुसऱ्या बॅटरीला जोडून चालू कराव्या लागल्या. या सगळ्या बॅटऱ्या एकदम खराब थोड्याच झाल्या होत्या? हंगाम संपल्यावर आपला ट्रॅक्टर शेडमध्ये महिनोन् महिने उभा राहतो, त्याचीही गत तीच होते.

थोड्या खर्चाचा मोठा हिशेब

५ वॅटचा लहानसा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर ओढतो. म्हणजे दिवसाला १० अँपिअर-तास झाले. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने आठवड्यात रिकामी होते, आणि सेल्फ तर त्याच्या आधीच बंद पडतो. जुन्या साध्या ट्रॅक्टरचा चावी बंद असतानाचा खर्च जवळजवळ शून्य असावा. नव्या मोटारीत घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर यांना थोडी वीज सतत लागते. ती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असली तर काळजी नाही. पण तेवढ्यानेही महिन्याला ३६ अँपिअर-तास जातात, हे ध्यानात ठेवावे.

आधी बॅटरी तपासा

बॅटरीचा माथा आम्लाने व धुळीने ओला राहिला तर त्यावरूनही वीज गळते. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्यावा, सोडा घरांत जाऊ देऊ नये. डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहून बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि दोन्ही वायरी काढून दोन-तीन दिवस नुसती ठेवावी. व्होल्टेज १२.६ च्या आसपास टिकले तर बॅटरी वीज धरून ठेवते, गळती गाडीत आहे. ठेवल्या जागी उतरली, किंवा हायड्रोमीटरने एकाच घराचे गुरुत्व फार कमी भरले, तर दोष बॅटरीचाच समजावा.

गळती शोधण्याची रीत

पाटाला पाणी पुरे सुटले असूनही शेवटच्या वाफ्याला पोचत नाही, तेव्हा आपण पाटाच्या कडेने चालत एकेक दार बंद करून पाहतो. इथेही तेच करायचे.

१. चावी काढावी, दिवे बंद करावेत, दारे लावावीत.

२. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरची वायर सोडवावी. मल्टिमीटर १० अँपिअरवर लावून त्याची एक पिन त्या खांबाला व दुसरी सुटलेल्या वायरीला जोडावी.

३. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, चावीही फिरवू नये. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, मीटर जळून जाईल.

४. नव्या गाडीत अर्धा तास थांबावे. आतली यंत्रणा हळूहळू झोपी जाते, मगच खरा आकडा दिसतो.

५. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा. आकडा न उतरल्यास तो परत बसवून पुढचा काढावा. ज्या फ्यूजने आकडा झटकन खाली येईल, त्या वायरीवर चोर आहे.

जुन्या ट्रॅक्टरवर मीटर नसेल, तर त्याच जागी १२ व्होल्टचा लहान दिवा जोडला तरी चालतो. दिवा पेटला की गळती आहे असे समजावे.

सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर फ्यूजच्या बाहेरचे रस्ते पाहावेत. अल्टरनेटरचा डायोड बिघडला की त्यातून वीज उलटी वाहते. बॅटरीची निगेटिव्ह वायर व मीटर दोन्ही सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढावी, तिच्या टोकाला टेप गुंडाळावा, आणि मगच पुन्हा मोजावे. बॅटरीवरून परस्पर जोडलेला टेप किंवा मोबाईल चार्जर, अडकलेला ब्रेकलाईटचा स्विच, चिकटलेला हॉर्नचा रिले, उंदराने कुरतडलेली ट्रॉलीची वायर हे नेहमीचे चोर होत. भोसरीत कारखान्यात कामाला असलेल्या आपल्या मुलांना मीटर धरण्याची सवय असते. सुट्टीला घरी आल्यावर हे तासा-दोन तासांचे काम त्यांच्याकडून करून घ्यावे.

खबरदारी

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको. वायरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढावी आणि जोडताना शेवटी लावावी. हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टरची निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी व बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करावी. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवर पांढरा थर घट्ट बसतो आणि मग ती पुरी चार्ज होत नाही. सबब पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच प्रत्येकाने आपल्या वाहनाची ही तपासणी करून घ्यावी. नवी बॅटरी विकत घेण्यापूर्वी तर अवश्य करावी.