उशिराने निघालेल्यांचे कलामहाविद्यालय

लातूरच्या गंजगोलाईतून कोणत्याही रस्त्याने शंभर पावले चालले, तरी रंगीत अक्षरांच्या दाटीतून डोळ्यांची सुटका होत नाही. सराफाच्या पेढीवरील फलक, तूरडाळीच्या पोत्यावरील छाप, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, लग्नपत्रिकांच्या दुकानात टांगलेले नमुने, हे सारे कोणीतरी रचलेले असते. आणि तो कोणीतरी बहुधा लातुरातल्या किंवा नांदेडच्या वजिराबादेतल्या छापखान्यात वर्षानुवर्षे कोरलड्रॉ आणि श्रीलिपी यांच्यासमोर बसलेला, बारावीनंतर घरच्या अडचणीने शिक्षण सोडलेला, आता तिशी ओलांडलेला गृहस्थ असतो, किंवा मुले शाळेत जाऊ लागल्यावर ब्लाउजवरील नक्षीच्या आणि रुखवताच्या ऑर्डरी घेऊ लागलेली गृहिणी असते. अशा माणसाच्या मनात उपयोजित कलेचे रीतसर शिक्षण घेण्याची इच्छा उत्पन्न झाली, तर त्याने जावे कोठे? वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीला ज्या शहराने आपल्या नावाचा ‘पॅटर्न’ दिला, त्याच शहरात या प्रश्नाचे उत्तर देणारा जाणकार चटकन सापडू नये, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

अशा विद्यार्थ्याने संस्थेच्या कीर्तीची चौकशी मागाहून करावी. आधी तिची वयाची अट पाहावी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या पदवी अभ्यासक्रमाला आणि आयआयटींच्या ‘यूसीड’ या प्रवेशपरीक्षेला वयाची कमाल मर्यादा आहे, आणि ती तिशीच्या अलीकडेच संपते. ‘निफ्ट’ या राष्ट्रीय फॅशन संस्थेच्या पदवी अभ्यासक्रमाची मर्यादा 24 वर्षांची. राखीव प्रवर्गांना काही सवलत मिळते खरी, पण तिशीतल्या उमेदवाराला तिचा उपयोग नाही. एवढे कळले, की पुष्कळजण हताश होऊन अर्जाचा विचारच सोडून देतात, आणि नेमकी येथेच फसगत होते; कारण पदवीच्या दारावर वयाचा जो पहारा आहे, तो पदव्युत्तर दारावर नाही. आयआयटी मुंबईतर्फे घेतल्या जाणाऱ्या ‘सीड’ परीक्षेला वयाची अट नाही, आणि बारावीनंतर किमान तीन वर्षांची कोणतीही पदवी, मग ती मराठी विषय घेऊन केलेली बी. ए. का असेना, तिला चालते. इतकेच नव्हे, तर आपल्याकडची जुनी जी. डी. आर्ट पदविका आणि तिच्या जोडीला एक वर्षाचा व्यवसायानुभव असलेला उमेदवारही तिला पात्र धरला जातो. तेव्हा ज्याच्या पेटीत कसलीही पदवी पडून आहे, त्याने अठरा वर्षांच्या मुलांबरोबर पुन्हा पहिल्या वर्षाला बसण्याचा हट्ट धरण्यापूर्वी पवईच्या आयआयटीतील, 1969 साली स्थापन झालेल्या, आयडीसी या डिझाइन विभागाकडे एकवार पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षा कठीण आहे, जागा थोड्या आहेत, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते; पण त्या अडचणींवर अभ्यास हा उपाय आहे, जन्मतारखेवर तो नाही.

ज्याच्यापाशी पदवी नाही, त्याने राज्याच्या कला सीईटीचा मार्ग धरावा. बी. एफ. ए.च्या प्रवेशासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. दहावीवरच थांबलेल्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येते. स्मरणचित्र, वस्तुचित्र, संकल्पचित्र असे कला सीईटीचे विषय शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिलेल्यांना अगदीच परके वाटणार नाहीत. मराठवाड्याचे शासकीय कला महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरात आहे. नांदेडकरांना ते देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसने गाठता येते. मुंबईच्या सर ज. जी. (‘जे. जे.’) कला शाळेची स्थापना 1857 ची, तिच्यातील कमर्शियल आर्टचा वर्ग 1935 चा, आणि त्या वर्गाची उपयोजित कला संस्था म्हणून स्वतंत्र वाटणी 1961 ची. तिचा दबदबा सर्वांना ठाऊक आहेच. परंतु चार वर्षे मुंबईत राहण्याचा खर्च आणि बंद पडलेली कमाई यांची बेरीज केल्यावाचून संसारी माणसाने केवळ नावाच्या मोहाने तिकडे जाऊ नये.

शिक्षणाची आणि नोकरीची गाठ घालणे ही काही आजची अडचण नव्हे. चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूरच्या कला शाळेत शिकून, गोंदियात चित्रकला शिक्षक राहून 1943 साली शिष्यवृत्तीवर ‘जे. जे.’साठी मुंबईत आले, ते मुदत उलटल्यावर. प्रवेशही हुकला आणि शिष्यवृत्तीही गेली. तेव्हा ते माघारी न जाता एका ब्लॉक स्टुडिओत डिझायनर म्हणून रुजू झाले, संध्याकाळी मोहन आर्ट क्लबात शिकत राहिले, आणि ‘जे. जे.’चे दार त्यांना पुढे उघडले. कृष्णाजी हौळाजी आरा हे तर आपल्या जुन्या निजामी मुलखातले, सिकंदराबादेजवळच्या बोलारमचे. मुंबईत घरकाम आणि मोटारी धुण्याचे काम करता करता त्यांनी चित्रकला साधली. हे दोघेही 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत होते. मात्र अशा उदाहरणांनी कोणी फार हुरळून जाऊ नये. त्या मुंबईत संध्याकाळच्या कलावर्गांची जी सोय होती, तशी नांदेडात वा लातुरात आज मला दिसत नाही.

म्हणूनच गावाजवळच्या लहान विनाअनुदानित महाविद्यालयाचा मोह पडतो, आणि तो सर्वस्वी त्याज्यही नाही. पण ‘हजेरीचे आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त परीक्षेला या’ असे आश्वासन जेथे मिळेल, तेथून निमूटपणे उठावे. वयाने मोठ्या विद्यार्थ्याला ही सवलत फार गोड वाटते, परंतु त्याला ज्याची खरी गरज आहे, तेच ती हिरावून घेते. देवनागरीची वेलांटी शिरोरेषेवर कशी बसवावी, दोन अक्षरांमधील मोकळी जागा कोठे फाटते आणि कोठे घुसमटते, हे संगणक सांगत नाही. शेजारी उभा राहिलेला शिक्षक कच्च्या खर्ड्यावर लाल पेन्सिलीने खूण करतो, तेव्हा ते कळते. संस्था पाहायला जायचे तर प्रवेशाच्या गडबडीत न जाता वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत जावे. भिंतीवरील कामे एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत की काय ते पाहावे, आणि शेवटच्या वर्षातील एखाद्याला बाजूला घेऊन शिक्षक आठवड्यातून किती दिवस वर्गात येतात, एवढेच विचारावे.

कागदपत्रांची तजवीज मात्र फार आधी करावी. शाळा सोडल्याचा दाखला जुन्या शाळेच्या दप्तरातून शोधून काढायलाच दिवस जातात. त्याशिवाय शिक्षणातील खंडाचे प्रतिज्ञापत्र, अधिवास, लागू असेल त्याला नॉन-क्रिमीलेयर, हे सारे सेतू केंद्राच्या रांगेतून जाते, आणि अर्जाची मुदत कोणाची वाट पाहत नाही. आपल्या कामांचा संग्रहही आताच जुळवायला घ्यावा. छापखान्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाजवळ दाखवण्यासारखे पुष्कळ असते, पण ते त्याने जपलेले नसते: पत्रिका लग्नासरशी रद्दीत जाते, डाळीचे पोते रिकामे होऊन दाराशी पायपुसणे बनते, आणि वाढदिवस उलटला की फ्लेक्स पत्र्याच्या शेडवर ताडपत्री म्हणून चढतो. तेव्हा प्रत्येक कामाची एक प्रत आणि त्याचे पहिले खर्डे, गिऱ्हाइकाने नापसंत केलेले धरून, तारीख घालून ठेवावेत. मुलाखतीत परीक्षकाला त्या नापसंत खर्ड्यांतच अधिक वाचण्यासारखे सापडण्याचा संभव असतो.