स्टेजला पायऱ्या किती?

दोस्तांनो, कॉलेजचं गॅदरिंग म्हणजे केवढी धमाल! नाटकं, गाणी, बक्षिसं! पण व्हीलचेअरवरच्या मित्राचं नाव पुकारलं आणि स्टेजला पायऱ्या असल्या तर? चौघंजण त्याला खुर्चीसकट उचलतील, टाळ्याही पडतील. पण त्याला काय वाटेल?

अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्सला हे पुरतं ठाऊक होतं. १९५३ साली, चौदाव्या वर्षी त्याला पोलिओ झाला. मानेखालची हालचाल जवळजवळ थांबली. रात्री श्वासासाठी ‘आयर्न लंग’ या भल्यामोठ्या लोखंडी यंत्रात झोपावं लागे. तरी पठ्ठ्यानं १९६२ मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळवलाच! होस्टेलात ते यंत्र ठेवायची सोय नव्हती, म्हणून तो विद्यापीठाच्या हॉस्पिटलात राहिला. त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले. त्यांच्या गटाचं नाव ‘रोलिंग क्वाड्स’. त्यांना दया नको होती, वाट हवी होती. १९७० पासून विद्यापीठात व्हीलचेअरची दुरुस्ती, मदतनीस अशा सोयी सुरू झाल्या. शहरातल्या फुटपाथांच्या कडांना उतार आले. बाबागाडी ढकलणाऱ्या आयांनाही ते सोयीचे झाले!

आणि गंमत ऐका. ज्या सरकारी खात्यानं एडला ‘हा नोकरी करू शकणार नाही’ म्हणून मदत नाकारली होती, पुढे तो त्याच खात्याचा प्रमुख झाला!

आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. शाळा-कॉलेजांची इमारत, आवार आणि सोयी दिव्यांगांनाही वापरता आल्या पाहिजेत, असं हा कायदा सांगतो.

मग कार्यक्रम ठरवताना काय पाहायचं? व्हीलचेअरची जागा मित्रांच्या रांगेतच हवी, कोपऱ्यात नको. खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या दुभाष्यावर उजेड हवा. नाटकासाठी दिवे मालवले तरी तो राहू द्या. पडद्यावर दिसतं ते निवेदकानं बोलूनही सांगावं, म्हणजे न दिसणाऱ्यांनाही कळेल. टॉयलेटच्या दारातून व्हीलचेअर आत जाते ना, तेही बघा.

आणि रॅम्प? साधा हिशेब आहे: १ फूट चढायला १२ फूट लांबीचा उतार. स्टेज २ फूट उंच असेल तर रॅम्प २४ फूट! म्हणजे आयत्या वेळी फळी टाकून भागत नाही, तयारी आधीपासून हवी.

चला, उद्या टेप घेऊन जा आणि तुमच्या शाळेचं स्टेज मोजा. रॅम्प किती फुटांचा लागेल? उत्तर काढा आणि बाईंना किंवा सरांना दाखवा. गॅदरिंगच्या आधी बरं का!