वस्तीवरच्या कुत्र्याचे पोट साफ होत नाही तेव्हा

काष्टीचा बाजार शनिवारी आणि मटण रविवारी, हा आपल्याकडचा रिवाज. आखाडात तर विचारायलाच नको. गेल्या आखाडातल्या अशाच एका रविवारनंतर मंगळवारी मी उसाच्या खोडव्यातील हुमणी पाहण्यासाठी एका वस्तीवर गेलो होतो. पाहणी झाली, चहा झाला आणि निघताना वस्तीचे मालक म्हणाले, "साहेब, जरा आमच्या मोत्याकडं बघता का? दोन दिस झालं, नुसता कुंथतोय. काईच पडंना."

मी पिकांचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. तरी शेडमागे जाऊन पाहिले. पाठीची कमान करून कुत्रा उभा होता. जागच्या जागी फिरायचा, बसायचा, जोर करायचा आणि पुन्हा उठायचा. पडले होते ते एवढेच, खडूसारखे पांढरे, कोरडे दोन तुकडे. रविवारी जावई आले होते आणि पातेल्यातली सगळी हाडे मोत्याच्या वाट्याला गेली होती. पडवीत एरंडेलाची बाटली काढून ठेवलेली होती आणि आजीच्या हातात भिजवलेल्या काळ्या मनुकांची वाटी होती.

"आजी, मनुका देऊ नका," मी म्हणालो.

"आरं, लेकराला देतो की आपण. कुत्र्याला काय व्हतंय?"

नेमका घोळ इथेच होतो. लेकराला जे चालते ते कुत्र्याला चालतेच असे नाही. द्राक्षे आणि मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. एखादा कुत्रा पचवतो, दुसरा थोड्याशा मनुकांनीही आजारी पडतो. कोणता कुत्रा कोणत्या जातीचा निघेल हे आधी सांगता येत नाही. 2021 साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हे आम्ल चिंचेतही असते, म्हणून पोट साफ होण्यासाठी चिंचेचे पाणी पाजण्याचा उपायही कुत्र्यापुरता सोडून द्यावा. आपल्या तालुक्यात द्राक्षबागा आहेत. बागेत गळालेले मणी खात हिंडणाऱ्या राखणीच्या कुत्र्यांकडेही बागायतदारांनी लक्ष ठेवावे. ही माहिती मला स्वतःला फार उशिरा मिळाली, त्याआधी मीच कुणाकुणाला मनुका सांगितल्या असतील तर नवल नाही.

एरंडेलाचेही तसेच. त्याने पोटात जोराचा मुरडा येतो. पुढे वाट बंद असेल तर मागून लावलेला हा जोर आतड्यालाच इजा करतो. जबडा धरून तेल किंवा पॅराफिन घशात ओतले तर ते श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरते आणि पोटाचे दुखणे राहते बाजूला, न्युमोनिया होतो. मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा तयार एनिमा कुत्र्याला, विशेषतः लहान कुत्र्याला, जीवघेणा ठरू शकतो. साबणाची वडी सरकवणे, मिठाचे पाणी पाजणे हेही नको.

मोत्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर दुपारी आले. त्यांनी हातमोजा घालून बोटाने तपासले, तर गुदद्वाराच्या आत हाडांच्या चुऱ्याचा सिमेंटसारखा गोळा बसला होता. भुलीचे इंजेक्शन, सलाईन, कोमट पाण्याचा एनिमा असे करीत तासाभराने तो गोळा तुकड्यातुकड्याने निघाला. शिजवलेले हाड कच्च्यापेक्षा ठिसूळ होते, त्याच्या टोकदार किरच्या उडतात, असे डॉक्टरांनी सांगितले. किरच आतड्यात रुतली असती तर ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हते. मोत्या वाचला, पण गाडीभाडे, औषधे आणि मोडलेला दिवस धरला तर ती हाडे अण्णांना मटणापेक्षा महाग पडली.

शेतकरी बंधूंनो, हाड हे या तक्रारीचे एक कारण झाले. दुसरे कारण आपल्या वस्त्यांवर दिवसेंदिवस वाढते आहे आणि त्याकडे कुणाचे लक्ष नाही. बिबट्याच्या भीतीने कुत्री रात्री खोलीत कोंडली जातात आणि दिवसा साखळीला बांधली जातात. ही भीती खोटी नाही. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने पाळीव कुत्र्यांचाच वाटा 39 टक्के निघाला होता. तेव्हा रात्री कोंडू नका असे मी म्हणणार नाही. परंतु कुत्रे आपली बसण्याची जागा घाण करत नाही, ते दाबून धरते. मोठ्या आतड्यात मळ जितका जास्त वेळ राहतो तितके त्यातले पाणी शोषले जाते आणि तो कडक होतो. मग बाहेर टाकताना दुखते, दुखते म्हणून कुत्रे पुन्हा धरून ठेवते. असे महिनोन्‌महिने चालले तर आतडे ताणून सैल पडते आणि पुढे औषधालाही दाद देत नाही. उपाय फुकटचा आहे. उजाडल्यावर आणि दिवस मावळण्याआधी, माणूस बरोबर ठेवून, पंधरा-वीस मिनिटे बांधावर मोकळे सोडावे.

पाण्याचेही तेच. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आपण भगुले भरून ठेवतो, साखळीच्या हिसक्याने ते सांडते आणि संध्याकाळपर्यंत कुणी बघत नाही. जड दगडी कुंडी ठेवावी. कोरडी भाकरी तशीच फेकण्याऐवजी पाण्यात किंवा बिनमिठाच्या, कांदा-लसूण नसलेल्या पातळ कालवणात कुस्करून द्यावी. कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, हे आपल्या कांद्याच्या पट्ट्यात मुद्दाम सांगतो.

एखादा दिवस शी झाली नाही, पण कुत्रे खाते-पिते आहे, खेळते आहे, तर घरी एवढे करता येईल: लाल भोपळा बिनमिठाचा उकडून मध्यम कुत्र्याला दोन-तीन चमचे द्यावा, किंवा चमचाभर इसबगोल भरपूर पाणी घातलेल्या ओल्या खाण्यात कालवून द्यावे. इसबगोल कोरडे दिले तर उलट आतच घट्ट बसते. हाड किंवा दुसरे काही गिळल्याची शंका असेल तर यातले काहीही देऊ नये. लांब केसांच्या कुत्र्याची शेपटी उचलूनही पाहावी. शेण, गोखरू आणि केस यांचा गुंता होऊन वाटच बंद झालेली असते. कात्रीने केस जपून कापले की काम होते. दोरा किंवा चिंधी बाहेर लोंबत असेल तर मात्र ओढू नये, तिचे दुसरे टोक आतड्यात अडकलेले असू शकते.

कुंथणारे प्रत्येक कुत्रे बद्धकोष्ठाचेच असते असे नाही. जुलाब होऊन पोट रिकामे झालेले कुत्रेही कुंथत राहते. पिल्लाला रक्ताची शी, उलट्या आणि मलूलपणा असेल तर तो पार्व्हो असू शकतो आणि तिथे तासही मोलाचा असतो. नर पाय वर करतो पण थेंब पडत नाही, तर लघवी तुंबली आहे, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. कुत्री गाभण असेल तर ती विण्याच्या कळा देत असेल. म्हाताऱ्या, खच्चीकरण न केलेल्या नराची प्रोस्टेट ग्रंथी वाढून गुदाशयावर दाबते, मग शी चपटी, फितीसारखी पडते. त्यावर खच्चीकरण हाच बहुधा उपाय असतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरची धडक बसून वाचलेले कुत्रे चालायला लागते, पण कमरेचे हाड वाकडे जुळून आतली वाट अरुंद होते. तक्रार काही महिन्यांनी सुरू होते आणि तोवर अपघात सगळे विसरलेले असतात. डॉक्टरांना तो आठवणीने सांगावा.

एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुत्र्याचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, तर "हाड अडकलं असंल" म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजचे कुत्रे प्रत्येक वेळी अंगावर येत नाही, कधी ते अगदी गप्प बसते आणि घशात हाड अडकल्यासारखेच दिसते. हाताला लाळ लागली, ओरखडा उठला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. वर्षातून एकदा कुत्र्याला रेबीजची लस टोचणे हे बैलाच्या पत्रीइतकेच नेमाने व्हावे.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनाही दोन शब्द. चिकन-मटणाच्या दुकानांमागे हाडे, पिसे आणि आतड्यांचा ढीग उघडा पडलेला असतो. गावातली आणि वस्त्यांवरची कुत्री तिथेच जमतात, तिथेच आजारी पडतात आणि माणसांच्या अंगावर धावून जायला शिकतात. दुकानदारांना झाकणाचे डबे सक्तीचे करणे आणि तो कचरा खड्ड्यात पुरणे हे ग्रामपंचायतीच्या हातातले काम आहे.

दोन दिवस शी नाही, उलटी होते, पोट फुगून कडक लागते किंवा खाणे सोडले, यातले काहीही दिसले तर घरचे उपाय थांबवून तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना कुत्र्याचे वय, अंदाजे वजन, शेवटची शी कधी झाली, ती कशी होती आणि काय खाल्ले एवढे सांगावे. घरी काही पाजले असेल तर तेही लपवू नये. अण्णांनी एरंडेल आधीच दोन चमचे पाजले होते, आणि ते डॉक्टरांना सांगायला त्यांना अर्धा तास लागला.